एच-इंडेक्सप्रमाणे डॉक्टरांची यादी लावायची आहे, मदत हवी

शेल्फवरची_मांजर (धागालेखिका)

मंडळी, मी एका मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत आहे. कुठल्या ते विचारू नका, नोकरी प्रिय आहे. आमच्याकडे यंदापासून उत्कृष्ट संशोधकाला बक्षीस द्यायचं ठरलंय. त्यासाठी कमिटी नेमली, कमिटीच्या दोन मीटिंगा झाल्या, सामोसे झाले, आणि शेवटी काम आलं माझ्या टेबलावर. निरोप असा की मॅडम, सगळ्या फॅकल्टीचे पेपर किती, सायटेशन किती (म्हणजे दुसऱ्यांच्या पेपरांत त्यांचे दाखले किती), एच-इंडेक्स किती ते काढा, एक्सेलमध्ये टाका आणि उतरत्या क्रमाने लावा, पहिला येईल त्याला शाल-श्रीफळ आणि चेक.

काढलं. तीन दिवस गेले. पहिल्या नंबरावर जे सर आले त्यांचे बरेचसे पेपर मोठमोठ्या आंतरराष्ट्रीय गटांचे आहेत, लेखकांची यादीच चार-चार पानं, त्यात आमचे सर कुठेतरी मधे. आणि तेराव्या नंबरावर एक मॅडम आहेत, नऊच पेपर, सगळे आसपासच्या गावांतल्या बाळंतिणींच्या ॲनिमियावर, दर बुधवारी जीपने स्वतः जातात, हे अख्ख्या कॉलेजला माहितीये. यादी मेल करायची म्हणून अटॅच केली आणि सेंड दाबवेना.

तर प्रश्न असा की एखाद्या डॉक्टरचं संशोधन बघायचं तर नेमकं काय बघायचं? कमिटीने एक पानी टिपण मागितलंय, पंधरा दिवस आहेत. "आकड्यांना काही अर्थ नसतो" टाईप प्रतिसाद नकोत, कमिटीला आकडे लागतात.

खटपट्या

रुमाल टाकून ठेवतो. सामोसे कसे होते?

भुईकोट

एच-इंडेक्स म्हणजे काय ते आमच्यासारख्या पामरांना सांगाल का? बायको डॉक्टर आहे पण ती म्हणते तुला काय करायचंय.

शेल्फवरची_मांजर

भुईकोट, सोपं आहे. एखाद्याचे ८ पेपर असे आहेत की प्रत्येकाचा दाखला दुसऱ्या पेपरांनी किमान ८ वेळा दिलाय, तर त्याचा एच ८. पुढे ९ व्हायचा तर ९ पेपर ९-९ वेळा उद्धृत व्हायला हवेत. हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये काढला. त्यामुळे गंमत अशी होते की तीन पेपर आणि प्रत्येकाला हजार सायटेशन, तरी एच तीनच. आणि चाळीस मध्यम पेपर, प्रत्येकाला चाळीस, तर एच चाळीस.

भुईकोट

म्हणजे सचिनची एक डबल सेंचुरी आणि माझ्या गल्लीतल्या दोनशे मॅचमधल्या दहा-दहा रना. कळलं.

डॉ_काढा

मी स्वतः मेडिसिनवाला आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी. मला असे प्रश्न निघाले की एकच माणूस आठवतो, महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर. मूळचे भोकरदन तालुक्यातले, १९७६ ला महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. तेव्हा कोकणात तांबडा विंचू चावून माणसं मरायची, विशेषतः पोरं. पुस्तकात या दंशाबद्दल धड काही लिहिलेलं नव्हतं. ज्याला जे सुचेल ते, अट्रोपिन काय, स्टिरॉईड काय. हे गृहस्थ रात्र रात्र रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी ठेवायचे. उलटी, दरदरून घाम, हातपाय गार, आणि मग काही तासांनी फुफ्फुसात पाणी. १९८२ ला लॅन्सेट या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा पेपर आला, की कुठली लक्षणं दिसली म्हणजे हृदयावर परिणाम होणार हे आधी ओळखता येतं.

मग उपचार. त्या विषाने शरीरात ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय दमतं. म्हणजे वाहिन्या सैल करणारं काहीतरी हवं. आधी नायट्रोप्रुसाईडचं ड्रिप वापरून बघितलं, पण त्याला बीपीवर क्षणाक्षणाला नजर लागते, ते खेड्यात कुठून आणायचं. प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी, बाजारात होतीच. ती दिली. १९८६ ला पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासोबत लॅन्सेटमध्ये छापलं. पूर्वी गंभीर दंशात चाळीस टक्क्यांच्या आसपास मृत्यू व्हायचे, ते एक टक्क्याच्या घरात आले. २०२२ ला पद्मश्री मिळाली.

आता मांजरताई, तुमच्या एक्सेलमध्ये हे कुठल्या नंबरावर येतील सांगा. विंचूदंशावर जगात संशोधन करणारे किती? भारत, इराण, ट्युनिशिया, ब्राझील, मेक्सिको, इस्राएल, संपलं. दाखला द्यायलाच माणसं कमी. कॅन्सरवाल्याला एका वर्षात जितकी सायटेशन मिळतात तितकी इथे जन्मभरात मिळायची नाहीत.

रानवारा

डॉ_काढा यांच्या प्रतिसादाला कितीही +१ कमीच. मी पोलादपूरकडचा. नव्वदच्या सुमाराची गोष्ट, माझ्या चुलतभावाला पेंढा काढताना तांबड्याने मारला. आमच्याकडे लोक मोठ्या काळ्या विंचवाला, इंगळीला घाबरायचे, दिसायला भयंकर म्हणून. तो दुखवतो नुसता. मारणारा तो तांबडा, बारका. आजीने आधी गावातल्या उतरवणाऱ्याला बोलावलं, अर्धा तास त्यात गेला, भाऊ घामाने निथळतोय, बनियन पिळून काढावी असा. मग काका त्याला पाठुंगळी मारून गावातल्या डॉक्टरकडे. एमबीबीएस नव्हे, साधा आमचा गावचा डॉक्टर. त्याने टेबलाचा खण उघडला, गोळी काढली, दिली. झोपवून ठेवला, उठू देईना. सकाळपर्यंत पोरगा चहा मागायला लागला.

त्या डॉक्टरने लॅन्सेट काय, इंग्रजी पेपरसुद्धा वाचला नसेल. पण गोळी खणात होती.

डॉ_काढा

रानवारा, झोपवून ठेवलं हे त्याने अगदी बरोबर केलं, पहिल्या डोसला एकदम उठलं तर बीपी घसरतं. (वाचणाऱ्यांनो, हे घरी करायचं काम नाही, दवाखान्यात जा.)

सातारी_कंदी

विरोधी सूर लावतो, चालेल ना? मी सर्जन आहे आणि मला हे आकडे आवडतात. कारण ज्या काळी आकडे नव्हते त्या काळी काय होतं ते मी पाहिलंय. सिनिऑरिटी, वशिला, आणि अमुक साहेबांच्या मुलीच्या लग्नात कोण किती राबला. माझ्यासारख्या, ज्याच्या मागे कोणी नाही अशा माणसाला कमीत कमी स्कोपसवर (पेपर आणि सायटेशनच्या डेटाबेसवर) दाखवता येतं की बाबा हे माझं काम, इतक्या लोकांनी वापरलं. बावस्कर हा अपवाद आहे हो. दर वेळी एक बावस्कर पुढे करायचा आणि त्याच्या आडून ज्यांनी वीस वर्षांत एक ओळ लिहिली नाही त्यांनी म्हणायचं, आम्हीही ग्रामीण सेवा करतो, आमचं काम मोजता येत नाही.

शेल्फवरची_मांजर

कंदी, हे पटलं. माझ्या यादीत अशीही मंडळी आहेत. शून्य. स्वच्छ, निष्कलंक शून्य.

टवाळकाका

शून्य ही भारताने जगाला दिलेली देणगी आहे, जरा आदराने बोला.

अर्धाकप

पेपरचं म्हणाल तर मला आठवड्याला दोन व्हॉट्सॲप येतात. "स्कोपस पेपर गॅरंटीड, फर्स्ट ऑथर इतके, सेकंड ऑथर इतके, ॲक्सेप्टन्स लेटर सात दिवसांत." रेटकार्ड असतं हो, हळदीकुंकवाच्या वाणासारखं. आणि लेखकांच्या यादीबद्दल तर बोलूच नका, माझ्या एमडीच्या थिसिसवरच्या पेपरला सहा नावं लागली. मी, गाईड, आणि मग लग्नपत्रिकेतल्या निमंत्रकांसारखी, कोणाचं राहिलं तर रुसायला नको म्हणून. विभागप्रमुखांनी पेपर छापून आल्यावर विचारलं, कशावर होता ग?

किडूकमिडूक

ते गॅरंटीड प्रकरण नुसतं आपल्याच भागातलं नाही. २०१३ मध्ये सायन्स नियतकालिकासाठी जॉन बोहॅनन या पत्रकाराने मुद्दाम ढळढळीत चुका घातलेला एक बनावट पेपर ओपन ॲक्सेस, म्हणजे कोणालाही फुकट वाचता येणाऱ्या जर्नलांना पाठवला होता. ३०४ ठिकाणी पाठवला, १५७ ठिकाणी स्वीकारला गेला. त्यातली बरीच जर्नल्स भारतातून चालणारी निघाली, तेव्हा आपण छाती फुगवायची की मान खाली घालायची, ठरवा.

चार्ल्स_नदीकाठी

बोस्टनहून. मी डॉक्टर नाही, स्टॅटिस्टिक्सवाला आहे, पण रोज डॉक्टर लोकांच्याच डेटात. डॉ_काढा म्हणतात ती अडचण इथेही मानली जाते, त्यावर इथल्या एनआयएचने (सरकारी आरोग्य संशोधन संस्थेने) २०१६ मध्ये एक मोजमाप काढलं, रिलेटिव्ह सायटेशन रेशो. ढोबळ कल्पना अशी की तुमचा पेपर ज्या पेपरांच्या जोडीने उद्धृत होतो तेच तुमचं क्षेत्र धरायचं, आणि त्या क्षेत्राच्या मानाने तुम्हाला सायटेशन जास्त की कमी ते बघायचं. रेशो एक आला म्हणजे तुमचा पेपर एनआयएचच्या पैशातून निघालेल्या पेपरांतल्या मधल्या पेपराइतका. म्हणजे विंचूवाल्याची तुलना विंचूवाल्याशी, कॅन्सरवाल्याशी नाही. आयसाईट नावाची साईट आहे, फुकट, पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या सूचीतले नंबर टाका, आकडा देते. मांजरताई, एक्सेलमध्ये हा रकाना वाढवून बघा. तरीपण एका पेपरावरून निष्कर्ष काढू नका, आणि अगदी नवीन पेपरांना हा आकडा डळमळीत असतो.

आणि ते चार पानी लेखकयादीचं. अशा पेपरात पाचशेवं नाव असलं तरी एच-इंडेक्सला तो पूर्ण एक पेपर. पहिलं, शेवटचं किंवा पत्रव्यवहाराचं नाव असलेले पेपर वेगळे मोजा, यादी उलटीपालटी होईल. पैज.

शेल्फवरची_मांजर

मोजले. पैज जिंकलात. पहिले सर सातव्यावर गेले.

नाशिककर_आजोबा

मंडळी, मी रिटायर्ड पॅथॉलॉजिस्ट. या विषयात एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. कलकत्त्याचे डॉ. शंभुनाथ डे. कॉलरा म्हणजे जंतू रक्तात जाऊन काहीतरी करतात अशा कल्पना बराच काळ होत्या. डे यांनी सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्हीकडून बांधून त्यात जंतू सोडले आणि दाखवलं की पाणी आतड्यातच साठतं. हे १९५३. मग १९५९ ला नेचर या विज्ञान नियतकालिकात, की जंतू गाळून काढलेल्या द्रवानेही तेच होतं, म्हणजे जंतू विष सोडतो. आजचं कॉलऱ्याचं सगळं शास्त्र त्यावर उभं आहे. पण कित्येक वर्षं त्या पेपराकडे कोणी वळून पाहिलं नाही. या गृहस्थांना आपल्या देशातल्या कुठल्या अकादमीने फेलो केलं नाही. १९७८ ला नोबेल फाउंडेशनने कॉलऱ्याच्या परिसंवादाला बोलावलं तेव्हा कुठे लोकांच्या भुवया वर गेल्या. १९८५ ला गेले.

आणि त्यांच्यावर १९८६ मध्ये लेख कोणी लिहिला? यूजीन गारफिल्डने. ज्याने सायन्स सायटेशन इंडेक्स काढला, म्हणजे ज्याच्यामुळे तुमचे हे सगळे आकडे जन्माला आले, त्यानेच सायटेशनचा नकाशा मांडून दाखवलं की या माणसाचं काम आधी कसं दुर्लक्षित राहिलं आणि मग कसं मध्यभागी आलं. म्हणून मी सायटेशनला सरसकट शिव्या देत नाही. त्याच काठीने डे यांचं मोठेपण मोजून झालं, फक्त तोवर माणूस हयात नव्हता.

दवबिंदू

आजोबा, सुंदर प्रतिसाद. याला वेगळा धागा करा ना.

टवाळकाका

वेगळा धागा केला की त्याचा एच-इंडेक्स विभागला जाईल, इथेच राहू द्या.

किडूकमिडूक

गारफिल्डचं निघालं म्हणून सांगते, इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे एखाद्या जर्नलमधल्या पेपरांना सरासरी किती सायटेशन पडतात तो आकडा, त्याने आणि शेर यांनी १९६० च्या दशकात काढला तो कोणती जर्नल्स इंडेक्समध्ये घ्यायची हे ठरवायला. पुढे तो लायब्ररीवाल्यांच्या कामी आला, कुठलं मासिक घ्यायचं कुठलं बंद करायचं. माणसं मोजायला तो नव्हताच. वजनकाट्यावर उंची मोजायची आणि मग म्हणायचं काटा चुकीचा आहे.

सर्पगंधा_नव्हे

उगाच नाव घेतलं नाही हे मी. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील. सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो हे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच लिहिलं होतं, पण इंडियन मेडिकल वर्ल्ड नावाच्या भारतीय मासिकात. बाहेर कोणाला पत्ता नाही. डॉ. वकिलांनी ५० रुग्णांवर व्यवस्थित पाहून १९४९ ला ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापलं आणि अमेरिका जागी झाली. १९५७ ला त्यांना अमेरिकेचा वैद्यकातला लास्कर पुरस्कार. औषध तेच, मुळी तीच, देश तोच, मधे अठरा वर्षं गेली आणि जर्नल बदललं.

टवाळकाका

धाग्याचा आयुर्वेद होणार हे दहाव्या प्रतिसादालाच मी बायकोला सांगितलं होतं.

सर्पगंधा_नव्हे

काका, आयुर्वेदाबद्दल मी एक अक्षर बोललो नाही, छापलं कुठे यावर बोलतोय.

फोंड्याचो_बाबलो

गोव्याकडून एक हजेरी. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर, आमच्या शिरोड्याचे, काम मुंबईत. गर्भाशयाचं तोंड सैल असल्याने वारंवार गर्भपात होणाऱ्या बायकांना त्यांनी जो टाका घातला तो जगभर शिरोडकर टाका म्हणून ओळखला जातो. पेपर आला १९५५ ला, मद्रासच्या अँटिसेप्टिक नावाच्या मासिकात. म्हणजे सर्पगंधावाल्यांचं म्हणणं इथे उलटं पडलं बघा, लॅन्सेट नाही, नेचर नाही, तरी लंडन-न्यूयॉर्कच्या लेबर रूममध्ये आमच्या गावाचं नाव घेतात, उच्चार कसाही करूदेत. आणि आता कुणी मूळ पेपराचा दाखला देतच नाही, नाव घेतलं की झालं. नाव पाठ्यपुस्तकात गेलं की सायटेशन थांबतं. हे नुकसान की फायदा?

चार्ल्स_नदीकाठी

बाबलो, याला मर्टन या समाजशास्त्रज्ञाने नाव दिलंय, मराठीत सांगायचं तर पोटात घेऊन नाव पुसणं. गोष्ट इतकी सर्वांची होते की मूळ कोणाची हे लिहायची गरज वाटत नाही. उलट टोक म्हणजे जगात सगळ्यात जास्त उद्धृत झालेला पेपर, लाऊरी यांचा १९५१ चा, तीन लाखांवर सायटेशन. शोध कसला? प्रोटीन मोजायची पद्धत. प्रयोगशाळेत रोज लागते म्हणून प्रत्येकजण लिहितो. कामाची गोष्ट आहे, पण तीन लाख म्हणजे शंभुनाथ डे यांच्यापेक्षा कितीपट मोठा शास्त्रज्ञ, असा हिशेब कोणी करत नाही. करू नये.

अर्धाकप

आणि सायटेशन म्हणजे शाबासकी असंही नाही. वेकफिल्डचा १९९८ चा लॅन्सेटमधला पेपर, १२ मुलं, गोवर-गालगुंड-रुबेलाच्या एकत्रित लशीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा, २०१० ला लॅन्सेटने मागे घेतला. त्याला सायटेशन किती पडलीत बघा. त्यातली बरीचशी "हे कसं चूक आहे" सांगणारी. एक्सेलला शिवी आणि ओवी सारखीच.

भुईकोट

ही शेवटची ओळ बायकोला वाचून दाखवली. ती म्हणाली बरोबर आहे. लग्नाला अकरा वर्षं झाली, माझ्या कुठल्या वाक्याला तिने असं म्हटल्याचं आठवत नाही.

सातारी_कंदी

मी पुन्हा येतो. शिरोडकर, डे, वकील, बावस्कर, सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे ती कोणी बोलत नाहीये. सगळ्यांनी लिहिलं. बावस्करांनी लिहिलं नसतं तर प्राझोसिन महाड तालुक्यात राहिलं असतं, फार तर पोलादपूरपर्यंत. रानवाराच्या गावच्या डॉक्टरच्या खणात ती गोळी आली कुठून? आधी छापून आलं, मग इतरांनी वाचलं, करून पाहिलं, शिकवलं, कोणीतरी एखाद्या ट्रेनिंगमध्ये सांगितलं असणार. आपल्याकडे असे किती डॉक्टर असतील ज्यांना काही कळलं होतं आणि ते त्यांच्याबरोबर गेलं. मोजू नका म्हणा, पण लिहू नका म्हणू नका.

डॉ_काढा

कंदी, हे शंभर टक्के मान्य. आणि आता माझा सगळ्यात मोठा मुद्दा, जो मी तुमच्यासाठी राखून ठेवला होता. प्राझोसिनचं ते १९८६ चं लिखाण म्हणजे पूर्ण पेपर नव्हता. पत्र होतं. लॅन्सेटच्या पत्रव्यवहारातलं, पान-दीड पान. आपल्याकडे प्रमोशनला आता मूळ संशोधन लेख, केस सीरीज, रिव्ह्यू असं चालतं, पत्र धरत नाहीत. मध्यंतरी तर फक्त पहिल्या दोन लेखकांनाच श्रेय, असाही नियम होता. म्हणजे इतके जीव ज्या दीड पानाने वाचले त्याचे आजच्या हिशेबाने गुण किती?

टवाळकाका

शून्य. मी आधीच सांगितलं होतं, आदराने बोला.

नाशिककर_आजोबा

काका, हे मात्र हसता हसता लागलं.

डॉ_काढा

अजून एक, मग थांबतो, ओपीडी आहे. २०११ ला बावस्करांनी बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात एक ट्रायल छापली, महाडमधलीच. ७० रुग्ण, निम्म्यांना नुसतं प्राझोसिन, निम्म्यांना प्राझोसिन अधिक विंचवाची प्रतिलस (विषावरचा उतारा), जी आपल्या हाफकिनमध्ये बनते. दहा तासांत पूर्ण बरे झालेले किती? प्रतिलस मिळालेल्यांत ३५ पैकी ३२, नुसत्या प्राझोसिनवाल्यांत ३५ पैकी ८. म्हणजे ज्या गोळीने या माणसाचं नाव झालं ती एकटी पुरत नाही, सोबत प्रतिलस दिली तर माणूस लवकर उठतो, हे त्याने स्वतः, स्वतःच्या गावात, चिठ्ठ्या टाकतात तशा पद्धतीने तपासून छापलं. पंचवीस वर्षांनी. माझ्या ओळखीतले किती मोठे लोक असं करतील? मला तर माझं प्रिस्क्रिप्शन दुसऱ्याने बदललं तरी राग येतो.

दवबिंदू

हे कुठल्या इंडेक्समध्ये बसवायचं मग?

फोंड्याचो_बाबलो

माणूसपणाच्या. तो स्कोपसवर मिळना.

रेघोट्या

वाचनमात्र होते, आता राहवत नाही. बायकांची एक वेगळीच अडचण आहे, कोणी बोललं नाही. माझे एमडीच्या वेळचे तीन पेपर माहेरच्या आडनावाने, लग्नानंतरचे सासरच्या, आणि आमच्याकडे पहिलं नावही बदललं होतं, गॅझेटमध्ये देऊन. त्यामुळे स्कोपसच्या लेखी मी दोन वेगळ्या बायका आहे, दोघींचाही एच-इंडेक्स यथातथाच. शिवाय आपल्याकडे एस. पाटील म्हणून शोधा पबमेडवर, निम्मा महाराष्ट्र येतो. सुनीता, संजय, शिवाजी, सगळे एकच. उलटंही होतं, आमच्या विभागात एकांच्या खात्यावर दुसऱ्याच एस. देशमुखांचे दंतवैद्यकाचे पेपर जमा झाले होते, हे आहेत भूलतज्ज्ञ, आणि त्यांनी ते काढायला काही फार घाई केली नाही.

ऑर्किड (ORCID) नंबर, म्हणजे संशोधकाचा ओळखक्रमांक, घ्या बायांनो, सोळा आकडी, फुकट असतो, आणि जुने पेपर त्याला जोडून टाका.

शेल्फवरची_मांजर

रेघोट्या!!! तुमचे पाय कुठेत. तेराव्या नंबरच्या मॅडमचं हेच असणार, सर्व्हिस बुकात माहेरचं नाव बघितल्याचं आठवतंय. उद्याच बघते.

चार्ल्स_नदीकाठी

गडचिरोलीचा उल्लेख झाला नाही अजून? अभय आणि राणी बंग. लॅन्सेट १९८९, दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या, ९२ टक्क्यांना काही ना काही स्त्रीरोग. मग लॅन्सेट १९९९, गावातल्याच शिकवलेल्या बायकांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली, ३९ गावं, तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बाळांचे मृत्यू हजारी ६२ च्या घरातून २५ च्या घरात. सायटेशन भरपूर आहेतच, पण पुढे २०११ पासून देशभरच्या आशाताई नवजात बाळाला बघायला घरी येऊ लागल्या, ते या कामावरून. ते सायटेशन कोणी मोजत नाही कारण आशाताईंच्या वहीत तळटीप नसते.

नाशिककर_आजोबा

आणि पुण्याच्या केईएमचे मधुमेहवाले डॉ. याज्ञिक. लॅन्सेट २००४. एका फोटोत दोघे लेखक शेजारी उभे, याज्ञिक आणि लंडनचे युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या माणसाची २१.२. आख्खा मुद्दा एका फोटोत. तो फोटो पाहिल्यापासून मी जिलबी अर्धीच घेतो.

खटपट्या

सामोश्याचं उत्तर अजून आलेलं नाही, नोंद घ्यावी.

शेल्फवरची_मांजर

अपडेट. उशीर झाला, क्षमस्व, नॅकच्या तपासणीची गडबड होती.

तेराव्या मॅडमचे माहेरच्या नावाचे पाच पेपर सापडले. जोडले. त्या एच-इंडेक्सने आता आठव्या आहेत, आणि नदीकाठीकाकांच्या रेशोने पाहिलं तर त्यांचे दोन पेपर दीडच्या वर निघाले, म्हणजे त्यांच्या विषयात चांगलेच. त्यांना सांगायला गेले तर म्हणाल्या, अगं ते पेपर माझेच आहेत हे मीच विसरले होते, आणि मग म्हणाल्या बुधवारी येतेस का, जीपमध्ये जागा आहे.

टिपण लिहिलं. म्हटलं, प्रत्येकाने स्वतःचे तीनच पेपर निवडावेत, प्रत्येकाखाली चार ओळी लिहाव्यात की यात माझा हात नेमका कशात होता आणि हे पुढे कोणी वापरलं, वापरणारा पेपरच असला पाहिजे असं नाही, आरोग्य केंद्र, पाठ्यपुस्तक, सरकारी सूचना काहीही चालेल. पत्रसुद्धा चालेल असं मुद्दाम घातलं, डॉ_काढा, तुमच्यासाठी. सोबत आकडे, पण पहिलं-शेवटचं नाव वेगळं मोजून. कंदींचं ऐकून शेवटी एक ओळ, की ज्यांनी काहीच लिहिलेलं नाही त्यांचा विचार होणार नाही.

कमिटीने वाचलं. अध्यक्ष म्हणाले छान आहे, नवीन आहे, करू या. फक्त शेवटी एक रकाना एच-इंडेक्सचा राहू द्या, मॅनेजमेंटला बघायची सवय आहे.

तर तो ठेवलाय. अगदी उजवीकडे, आणि त्याची रुंदी मी इतकी कमी केलीये की प्रिंटमध्ये सगळ्यांच्या नावापुढे ## येतंय. अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही.

खटपट्या, सामोसे गार होते.